‘उमरावजान अदा’तली ‘अदा’ कुणी पुसली?

दोन गटांतली माणसं सध्या माझ्यावर नाराज आहेत. दोन्ही गटांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण माझ्याबाबतीत त्यांचं एकमत झालं आहे. म्हणून हा लेख.

झालं असं की मिर्झा हादी रुसवा यांच्या ‘उमरावजान अदा’ या कादंबरीवरून मी मराठीत अकरा कविता लिहिल्या. मालिकेचं नाव ‘अमीरन’. त्यावर माझ्या एका चित्रकार मैत्रिणीनं सात चित्रं काढली. एका छोट्या बैठकीत आम्ही दोघींनी ती मांडली. त्यानंतर व्हॉट्सॲपवर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही.

पहिला गट म्हणतो, “आपा, तुम्ही उस्तानी आहात. मुली तुमच्याकडे शिकतात. कोठेवालीवर कविता लिहिताना तुम्हाला काही वाटलं नाही?” दुसरा गट रसिकांचा. ते म्हणतात, “मॅडम, उमरावजान आणि मुजरा नाही? गजल नाही? लखनौ नाही? ओवी कसली लिहिता! तुम्ही उमरावची पार रया घालवली.”

पहिल्यांना उमराव फार दिसली, दुसऱ्यांना कमी दिसली. दोघांनाही एकच बाई दिसत होती: पडद्यावर नाचणारी. मी लिहिलं ते तिच्याबद्दल नव्हतंच.

आधी कादंबरीबद्दल थोडं, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती वाचली आहे. कादंबरी 1899 सालची. फैजाबादची एक लहान मुलगी, अमीरन. बाप बहू बेगमच्या मकबऱ्यावर जमादार. बापानं दिलावर खान नावाच्या गुंडाविरुद्ध साक्ष दिली, म्हणून त्या गुंडानं सूड घेतला तो बापावर नाही, त्याच्या मुलीवर. तिला गाडीत घालून लखनौला नेलं आणि खानम नावाच्या बाईला विकलं. अमीरनची उमराव झाली. त्या घरात एक मौलवी साहेब होते. त्यांनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं, फारसी शिकवली, शायरीची गोडी लावली. ती स्वतः शेर लिहू लागली आणि तिनं आपलं तखल्लुस घेतलं: ‘अदा’. पुढे 1857 चं बंड, लखनौची वाताहत, फैजाबादला परतणं, आईची भेट, भावानं झिडकारणं. आणि उतारवयात, मुशायऱ्याच्या निमित्तानं रुसवांशी गाठ पडल्यावर, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ही सगळी हकीकत.

आता कादंबरीचं नाव पुन्हा वाचा. उमराव हे नाव तिला कोठ्यानं दिलं. ‘जान’ हे धंद्याचं बिरूद. तिनं स्वतः स्वतःला दिलेलं एकच नाव त्यात आहे, ते म्हणजे ‘अदा’. ती कवयित्री आहे हे सांगणारा शब्द तोच. आणि 1981 साली मुजफ्फर अलींचा हिंदी चित्रपट आला तेव्हा त्याचं नाव झालं ‘उमराव जान’. 2006 साली जे. पी. दत्तांनी पुन्हा काढला, तेव्हाही ‘उमराव जान’. अदा गेली. जाहिरातीच्या फलकावर लांब नाव बसत नाही, हे मला कळतं. पण पुसलं गेलं ते नेमकं कवयित्रीचं नाव, आणि शिल्लक राहिली ती जान. या शंभर-सव्वाशे वर्षांत या बाईचं काय झालं याचा सगळा सारांश त्या एका गळालेल्या शब्दात आहे.

चित्रपटावर माझा राग नाही, हे आधीच स्पष्ट करते. उलट रसिक मंडळींना उत्तर देताना मला त्याच चित्रपटाची साक्ष काढायची आहे.

तुमची तक्रार अशी की मी मूळ कादंबरीशी इमान राखलं नाही. ठीक. मग सांगा, चित्रपटातल्या गजला कुणाच्या? रुसवांची कादंबरी शेरांनी भरलेली आहे. प्रकरणागणिक शेर आहेत, मुशायऱ्यातल्या गजला आहेत. त्या घेता आल्या असत्या. पण चित्रपटातल्या ज्या गजला तुम्ही लग्नाच्या वऱ्हाडात गुणगुणता, त्या रुसवांच्या नाहीत, शहरयारांच्या आहेत. शहरयार अलीगढ मुस्लिम विद्यापीठात उर्दू शिकवणारे प्राध्यापक. विसाव्या शतकातल्या नव्या उर्दू कवितेतलं मोठं नाव, पुढे 2008 सालच्या ज्ञानपीठाचे मानकरी. एकोणिसाव्या शतकातल्या तवायफेच्या तोंडी विसाव्या शतकातल्या प्राध्यापकाचे शब्द! कुणी म्हणालं का, की इमान राखलं नाही? उलट आज लोकांना त्याच उमरावच्या स्वतःच्या गजला वाटतात. शहरयारांनी कादंबरीचे शब्द उचलले नाहीत. कादंबरी वाचून त्या बाईच्या आत जे साठलं असेल ते आपल्या भाषेत बांधलं. कादंबरीवरून कविता करणं म्हणतात ते याला.

खय्याम साहेबांचंही तेच. आशा भोसले म्हटलं की लोकांच्या कानात एक खट्याळ, उंच जाणारा आवाज होता. खय्याम साहेबांनी त्यांना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं. मराठी घरातल्या या गायिकेचा आवाज त्या गजलांत असा उतरला की ऐकणाऱ्याला आधी बाईचं वय आणि थकवा जाणवतो, मग सूर. आशाताईंना आणि खय्याम साहेबांना त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पट्टी खाली आणायची, हाही एक निर्णय होता. सजावट कमी करण्याचा निर्णय. मी गजल सोडून ओवी घेतली तर तुम्हाला का टोचतं?

आणि मराठीत आपण हे कायम करत आलो आहोत. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवर 2010 साली चित्रपट आला. गुरू ठाकूर यांनी त्यात नव्या लावण्या लिहिल्या, गावागावांत त्या वाजल्या. कादंबरीत ही लावणी कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही. मूळ कलाकृतीपासून दूर जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे, फक्त उर्दू कादंबरीला मराठीत आणणाऱ्या तालुक्यातल्या शिक्षिकेला नाही, असं काही ठरलंय का?

आता ओवीबद्दल. गजलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहतो. ते तिचं सौंदर्य आहे. पण मला हकीकत सांगायची होती, एकीतून दुसरी निघणारी. आणि ती सांगणारी मला मैफलीत बसलेली नको होती. मला ती अमीरन हवी होती जिच्या आईनं पहाटे दळण दळलं असेल. आमच्या उमापुरात, गेवराई तालुक्यात, माझी नानी जात्यावर बसली की अर्ध्या ओव्या मराठीत आणि अर्ध्या दखनीत म्हणायची. तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. तुम्हाला वाटत असेल तर थोडा इतिहास सांगते. विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ असे गीतप्रकारच आहेत. बायका दळताना, सूत कातताना ती गाणी म्हणत, आणि जात्याच्या खुंट्याला, पाळीला अल्लाहच्या नावाशी जोडत. जात्यावरची ओवी आणि चक्कीनामा या सख्ख्या बहिणी आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ ओवीतच लिहिला. सगनभाऊ मुसलमान होते आणि पेशवाईत त्यांच्या लावण्या महाराष्ट्र डोक्यावर घेत होता. आपल्या काळात सांगलीकडचे इलाही जमादार मराठी गजलेत आयुष्य घालवून गेले. तेव्हा मुसलमान बाईनं ओवी लिहिली तर ती उसनी आणलेली नाही. घरातलीच आहे.

माझ्या मालिकेतली ही एक ओवी, फैजाबादला परतलेल्या अमीरनची:

चिंच माझ्या माहेराची,
सावली तीच ओळखीची,
भाऊ विचारी, “कुणाची
लेक गं तू?”

यावरही आक्षेप आला. एका वाचलेल्या गृहस्थानं लिहिलं, “कादंबरीत भाऊ तिला ओळखतो. तो तिला ठार मारायची भाषा करतो. तुम्ही बदललंत.” खरं आहे. बदललं, आणि मुद्दाम बदललं. मारायला उठलेला भाऊ वाचला की प्रत्येक वाचक सुटकेचा श्वास टाकतो: “आपण बुवा असे नाही.” आपल्याकडे हातात सुरा घेतलेले भाऊ कमी असतात. ओळख न दाखवणारे मात्र घरोघर आहेत. नवऱ्यानं टाकलेली बहीण दारात आली की तिला चहा देऊन, “मग कधी निघणार?” असं विचारणारा भाऊ मला कवितेत हवा होता. त्याला वाचून कुणालाही सुटका मिळत नाही. रुसवांनी 1899 साली लखनौच्या वाचकासाठी जे लिहिलं ते त्यांच्या जागी बरोबर. मी बीड जिल्ह्यातल्या वाचकासाठी लिहिते आहे.

चित्रांकडे येते. सातही चित्रांत उमरावचा चेहरा नाही. कुठे पाठमोरी, कुठे नुसते हात, कुठे ओढणीचा कोपरा. यावर गंमतच झाली. काही बुजुर्गांनी मला खास निरोप पाठवून शाबासकी दिली की निदान तसवीरीच्या बाबतीत तरी शरीयतचं भान ठेवलंत. मी त्यांचा आदर करते, पण ही शाबासकी मला घेता येणार नाही. कारण ते नव्हतंच. आधारकार्डावर, हजच्या अर्जावर, उमेदवाराच्या बॅनरवर आपण सगळे चेहरे लावतोच. चेहरा काढला नाही याचं कारण साधं आहे: तो काढला असता तर तो रेखाचा झाला असता. तुम्ही डोळे मिटून उमराव आठवून पाहा. कोण दिसतं? रेखानं काम अप्रतिम केलं, तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याबद्दल वाद नाही. पण एका नटीच्या चेहऱ्यानं एका कादंबरीची सगळी जागा व्यापली. चेहरा काढून घेतला की बघणाऱ्याला विचारावं लागतं, ही कोण? तो प्रश्नच मला हवा होता.

सातांतलं सगळ्यात मोठं चित्र मौलवी साहेबांचं आहे. तख्ती, दौत, कलम, दिवा, आणि समोर मांडी घालून बसलेली एक मुलगी. घुंगरू एकाही चित्रात नाही. रसिकांचा खरा राग यावर आहे. पण कादंबरी नीट वाचा. खानमच्या घरात गाणं-नाचणं शिकलेल्या मुली पुष्कळ होत्या. बिस्मिल्ला होती, खुर्शीद होती. त्यांच्यावर कादंबरी झाली नाही. उमराववर झाली, कारण ती वाचत होती आणि लिहीत होती. आपली गोष्ट तिला आपल्या शब्दांत सांगता आली. तिला कोठ्यावरच्या इतरांहून वेगळं केलं ते त्या तख्तीनं. मी पेशानं शिक्षिका. बी.एड. करताना अध्यापनाच्या पद्धती शिकले, पाठ टाचणं काढली. पण शिकवण्याचं काम माणसाला काय देऊ शकतं हे मला त्या मौलवी साहेबांइतकं कुणी दाखवलं नाही. विकत घेतलेल्या मुलीचं स्वातंत्र्य त्यांना परत देता आलं नाही. भाषा दिली. बाकीचं तिनं मिळवलं.

इथे मला मराठी प्रेक्षकाला एक जुना चित्रपट आठवून द्यायचा आहे. ‘पिंजरा’, 1972, व्ही. शांतारामांचा. जर्मन लेखक हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरून ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपट झाला आणि त्यावरून आपला ‘पिंजरा’. म्हणजे तोही कादंबरीतूनच आलेला. त्यातही एक शिक्षक आहे आणि एक नाचणारी बाई आहे. पण तिथे बाई शिक्षकाला बुडवते. मास्तर आदर्श, बाई मोह. गाणी अमर आहेत, डॉ. श्रीराम लागूंचं काम विसरता येत नाही. पण आपल्या मनात कलावंतिणीचं जे चित्र पक्कं झालं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे: ती आली की गुरुजी गेले. रुसवांच्या कादंबरीत त्याच्या बरोबर उलट आहे. शिक्षक येतो आणि बाई कवयित्री होते. महाराष्ट्राला पहिली गोष्ट पाठ आहे, दुसरी ठाऊक नाही. माझं चित्र दुसऱ्या गोष्टीचं आहे.

आता माझ्या पहिल्या गटाकडे, आपल्या लोकांकडे वळते. तुमच्याशी बोलणं जास्त अवघड आहे, कारण तुम्ही माझे आहात.

तुम्ही म्हणता, शिक्षिकेनं या विषयाला हात लावू नये. पण तुमच्याच घरच्या लग्नात, संगीताच्या रात्री, त्याच चित्रपटाच्या गाण्यांवर मुली नाचतात. स्नेहसंमेलनात सातवीतली पोरगी लांब घेराचा पोशाख घालून, हात डोळ्यांशी नेऊन अदाकारी करते आणि पालक पहिल्या रांगेतून मोबाइलवर शूटिंग करतात. दागिन्यांच्या आणि शराऱ्याच्या दुकानांत उमरावजानच्या नावानं माल खपतो. तेव्हा कुणाला कोठा आठवत नाही. गाणं चालतं, पोशाख चालतो, झुमका चालतो. फक्त पुस्तक चालत नाही. म्हणजे तिनं नाचावं, याला तुमची हरकत नाही. तिनं बोलावं, याला आहे.

तुम्ही दीनचा हवाला देता, म्हणून मीही देते. सूरह नूरमध्ये आपल्या ताब्यातल्या मुलींना बदकामाला जुंपू नका अशी स्पष्ट मनाई आहे, आणि ज्यांच्यावर अशी जबरदस्ती झाली त्यांच्यासाठी अल्लाह क्षमाशील आणि दयाळू आहे, असंही तिथेच आहे. सूरह तकवीर सांगते की जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतीच्या दिवशी विचारलं जाईल की कोणत्या गुन्ह्यासाठी तुला मारलं. प्रश्न तिला विचारला जाईल, आणि उत्तर पुरणाऱ्यांना द्यावं लागेल. आता ‘उमरावजान अदा’ पुन्हा आठवा. तिला पळवणारा दिलावर खान. विकत घेणारी खानम. पैसे टाकून येणारे नवाब. घराचं दार लावणारा भाऊ. इतक्या माणसांची रांग आहे, आणि चारित्र्य कुणाचं विचारायचं? त्या लहान मुलीचं! दिलावर खानच्या चारित्र्याबद्दल मला आजवर एकाही व्हॉट्सॲप संदेशात विचारणा झालेली नाही. ज्या अल्लाहनं माफीचं दार उघडं ठेवलं, ते आपण का लावून घेतो?

तिसऱ्या चित्रात रात्रीची बैलगाडी आहे, अमीरनला पळवून नेणारी. माझ्या मैत्रिणीनं ती आमच्याकडच्या ऊसतोडीच्या गाडीसारखी काढली. टायरची चाकं, मागे गुंडाळलेला संसार, बाजूला अडकवलेला कोयता. फैजाबादच्या गोष्टीत बीडची गाडी का, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. काही जण चिडले: “गरीब आईबापाची तुम्ही दिलावर खानशी तुलना करता?”

नाही करत. दिलावर खान गुन्हेगार होता, आमच्याकडचे आईबाप परिस्थितीनं गांजलेले. हा फरक मला चांगला कळतो. माझ्या वर्गातल्या बाकांवर तो फरक रोज बसलेला असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या हलतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणून पोराचं लग्न लवकर झालं की घरात एक कोयता वाढतो, आणि पोरगी मागे एकटी ठेवायची भीती वाटते म्हणून तिचंही लग्न लवकर होतं. बालविवाहाच्या आकडेवारीत आपला जिल्हा राज्यात वरच्या रांगेत का आहे, याचं मोठं कारण यात आहे. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. ऊस तोडणाऱ्यांत सगळे आहेत, आणि जे तोडायला जात नाहीत त्यांच्याकडेही ‘चांगलं स्थळ आलं’ हे कारण पुरतं. आठवीत पहिली येणारी मुलगी नववीला दिसत नाही. विचारलं तर शेजारची मुलगी सांगते, “मॅम, तिचं ठरलं.” तिनं ठरवलं, असं कुणी म्हणत नाही. ‘ठरलं’, आपोआप.

गाडीचं चित्र एवढंच विचारतं: मुलगी गाडीत बसली तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का? फैजाबादच्या गाडीत नव्हतं विचारलं. आमच्या गाडीत विचारतो का? गाडी हाकणारा वेगळा, त्याचा हेतू वेगळा. आत बसलेल्या मुलीचं वय सारखं आहे. हे चित्र बघून कुणाला राग आला असेल तर येऊ द्या. चित्र काढून घेतल्यानं गाडी थांबणार नाही.

उर्दूबद्दलही बोलायला हवं, कारण या वादात तिचंही नुकसान होतं आहे. आमच्या मराठी बांधवांना उर्दू म्हटलं की तीन गोष्टी आठवतात: शायरी, कव्वाली आणि कोठा. दोष एकट्या त्यांचा नाही. आपणही मुशायऱ्याच्या पत्रिकेवर शमा, सुरई आणि घुंगरूच छापतो. पण ही कादंबरी लिहिणारा माणूस कोण होता? रुसवांनी रुडकीला अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं, रेल्वेत नोकरी केली, रसायनशास्त्राचा नाद केला, लखनौच्या कॉलेजात फारसी शिकवली. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते हैदराबादला आले आणि उस्मानिया विद्यापीठाच्या दारुल तर्जुमात, म्हणजे भाषांतर विभागात, काम करू लागले. आधुनिक विषयांची पाठ्यपुस्तकं उर्दूत आणण्याचं ते काम होतं. 1931 साली त्यांचं निधन हैदराबादलाच झालं. बीड जिल्हा तेव्हा निजाम राज्यातच होता. म्हणजे ‘उमरावजान अदा’चा लेखक शेवटी आपल्याच राज्याच्या राजधानीत बसून विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं तयार करत होता. लखनौ आमच्यापासून दूर असेल, रुसवा तितके दूर नाहीत.

आणि उर्दू फक्त मैफलीची भाषा नाही हे मराठवाड्याला 2023 साली पुन्हा कळलं. कुणबी नोंदी शोधायला सरकारनं समिती नेमली, निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली, आणि त्यात मोडीबरोबर उर्दू होती. तेव्हा उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. ज्या भाषेत जमिनी, जाती आणि वारसा नोंदवला गेला, जिच्यात विज्ञानाची पुस्तकं झाली, तिला आपण घुंगरात बांधून ठेवलं आहे. माझ्या चित्रांत घुंगरू नाही यामागे हेही एक कारण आहे.

शेवटचं चित्र आणि अकरावी कविता यांवर सर्वांत जास्त गोंधळ झाला. त्यात रुसवा बसलेले आहेत आणि समोर ती बसून लिहिते आहे. तो सांगतो, ती लिहून घेते. लोक म्हणाले, हे तर उलटं झालं. कादंबरीत ती सांगते आणि तो लिहितो.

ही कल्पना माझी नाही. खुद्द रुसवांची आहे. त्याच 1899 साली त्यांनी ‘जुनून-ए-इंतजार’ नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं, ज्यात उमरावजान ही रुसवांच्या प्रेमाची हकीकत सांगते. तुम्ही माझं आयुष्य चव्हाट्यावर मांडलंत, आता मी तुमचं मांडते, अशी ती परतफेड आहे. 2013 साली त्याचं इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपानं आलं, पण ‘उमरावजान’चं नाव घेणाऱ्या बहुतेकांना ते माहीतच नाही. म्हणजे या कादंबरीवरून स्फुरलेली पहिलीवहिली कलाकृती तिच्या लेखकाचीच आहे, आणि तिच्यात त्यानं लेखणी उमरावच्या हातात दिली. चित्रपटांनी पुढे जे काही दिलं असेल ते असो. लेखकानं तिला दिलं होतं ते कलम. मी आणि माझ्या मैत्रिणीनं ते तिथेच ठेवलं, एवढंच.

मला सल्ले बरेच आले आहेत. चित्रं उतरवा, कवितांचं नाव बदला, निदान पुढच्या बैठकीत मौलवी साहेबांचं चित्र नको. सगळ्यांचे आभार, पण यांतलं काही होणार नाही. ही चित्रं मी शाळेच्या भिंतीवर लावलेली नाहीत, वर्गात कविता वाचलेल्या नाहीत. ज्यांचं वय आणि समज आहे त्यांच्यासाठी ती आहेत. मात्र दहावीच्या पुढच्या एखाद्या मुलीनं येऊन पुस्तक मागितलं तर मी देईन. उर्दू येत असेल तर उर्दू, नसेल तर भाषांतर. तिला आधी पोशाख आणि गाणं मिळालंच आहे, आता गोष्टही मिळू दे.

आणि तुम्हाला दोन विनंत्या. रसिकांनो, पुढच्या वेळी मैफलीत त्या गजला गाल तेव्हा निवेदनात नाव पूर्ण घ्या, ‘उमरावजान अदा’. एक शब्द जास्त लागेल. बुजुर्गांनो, माझ्या कवितांवर फतवा शोधायच्या आधी आपल्या मोहल्ल्यातली नववीची हजेरी एकदा बघा. पटावर असलेली आणि वर्गात नसलेली नावं मोजा. त्यांतल्या किती जणींना विचारून ‘ठरलं’, ते मला कळवा. मग उमरावच्या चारित्र्यावर आपण सावकाश बोलू.